टोकियोबाहेर नवं कोरं घर घेताय? आधी पायाखालची जमीन बघा

रविवारी सकाळी टोकियोबाहेरच्या कुठल्याही उपनगरात चक्कर मारा. कोपऱ्यावर रंगीत निशाणं फडफडत असतात, त्यांच्यामागे एका साच्यातून काढल्यासारखी सहा-आठ नवी घरं, आणि दारात सूट घातलेला विक्रेता. आपण उंबऱ्यात पोचलो की तो वाकून सपाता मांडतो. आत नव्या लाकडाचा आणि गोंदाचा वास. पाच मिनिटांत आपण देवघर कुठे बसेल आणि सोफा कुठे, हे ठरवायला लागतो. आमचंही तेच झालं होतं. अकरा वर्षं टोकियोतल्या निशीकसाईत भाड्याने काढली होती, मुलं मोठी होत होती, आणि तो वास नाकात गेल्यावर जमिनीबद्दल एकही प्रश्न विचारायचा सुचला नाही. ते घर आम्ही घेतलं नाही. पण का घेतलं नाही, हे कळायला आणखी चार महिने आणि बरेच कागद वाचावे लागले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे. पुण्या-ठाण्यात फ्लॅट घेतला की तो वाढत जाणार, हे आपण गृहीत धरतो. जपानमध्ये लाकडी घर हे मोटारीसारखं असतं: राहायला गेलात की उतरायला लागतं. करासाठी लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरलेलं आहे, आणि बाजारही साधारण तोच हिशेब करतो. वीस-पंचवीस वर्षांनी विकायला काढलंत तर वरच्या घराला जवळजवळ काही येत नाही. जे येतं ते जमिनीचं. २०२३च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. अशा देशात तुम्ही चकचकीत स्वयंपाकघर विकत घेत नसता. ते बरोबर येतं. विकत घेता ती जमीन.

आधी कर्जाचं बघा, घराचं नंतर

परदेशी माणसाला जपानमध्ये जमीन आणि घर स्वतःच्या नावावर घ्यायला कायद्याने मनाई नाही. त्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळतही नाही. अडतं ते कर्जाशी. बहुतेक बँकांना ‘एइजू’ म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना हवा असतो. सरकारी गृहवित्त संस्थेचं ‘फ्लॅट ३५’ हे स्थिर व्याजाचं कर्जही परदेशी माणसाला एइजू असेल तरच मिळतं. एइजू नसताना देणाऱ्या बँका आहेत, पण त्या हातातली रक्कम जास्त मागतात, किंवा जोडीदार जपानी अथवा एइजूवाला असावा अशी अट घालतात. एइजूसाठी सर्वसाधारण नियम दहा वर्षं वास्तव्याचा आहे. उच्चकुशल गुणपद्धतीत (शिक्षण, अनुभव, पगार, वय यांना गुण मिळतात) ७० गुण असतील तर तीन वर्षांत, ८० असतील तर एका वर्षात अर्ज करता येतो. आयटीतल्या बऱ्याच जणांचे गुण आपोआप भरतात आणि त्यांनी मोजलेलेच नसतात. आज रात्री मोजा.

घर बघायला निघण्याआधी ‘जिझेन-शिन्सा’, म्हणजे कर्जाची पूर्वतपासणी, करून घ्या. पगाराचा वार्षिक दाखला (गेन्सेन-चोशूह्यो), रेसिडेन्स कार्ड आणि चालू कर्जांची यादी एवढ्यावर उत्तर मिळतं. मोबाईलचा हप्ता दोनदा चुकला असेल तर तोही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे दिसतो, म्हणून फोनचं बिल गंमतीवारी नेऊ नका. आणि तपासणीपासून किल्ली मिळेपर्यंत नोकरी बदलू नका. आमच्या ओळखीतल्या एकाने ऐन त्या आठवड्यात जास्त पगाराची नोकरी धरली; बँकेने शांतपणे फाईल बंद केली.

कर्जाबरोबर ‘दानशिन’ नावाचा विमा येतो: कर्जदार गेला तर बाकी कर्ज फिटतं. त्यासाठी तब्येतीची माहिती खरी द्यावी लागते. आपल्याकडे चाळिशीत साखर आणि रक्तदाब घरोघरी, त्यामुळे इथे अडकणारे खूप. थोडं जास्त व्याज घेऊन सैल अटींचं दानशिन देणाऱ्या बँका आहेत, आणि फ्लॅट ३५ दानशिनशिवायही घेता येतं. लपवाछपवी मात्र नको. विमा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जाईल.

व्याज बदलतं की स्थिर, यावर मित्रमंडळीत भांडणं होतात. मी एवढंच सांगते: जपानच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपवला आणि जानेवारी २०२५ मध्ये दर ०.५ टक्क्यांवर नेला. ‘इथे व्याज वाढतच नाही’ असं सांगणारे जुने लोक आता गप्प आहेत. ४ कोटी येन ३५ वर्षांसाठी १ टक्क्याने घेतले तर हप्ता सुमारे १,१३,००० येन. २ टक्क्यांनी सुमारे १,३२,५००. दुसरा आकडा झेपत असेल तरच पहिल्याच्या भानगडीत पडा.

इथले आकडे आपल्या आकड्यांत

जपानी लोक ‘मान’मध्ये मोजतात, आणि मान म्हणजे दहा हजार. आपल्याला हे इंग्रजी मिलियनपेक्षा सोपं जातं: १० मान म्हणजे एक लाख, १,००० मान म्हणजे एक कोटी. जाहिरातीत ४,००० मान दिसलं की चार कोटी येन म्हणा आणि मोकळे व्हा.

जमीन त्सुबोत सांगतात. एक त्सुबो ३.३ चौरस मीटर, म्हणजे साडेपस्तीस चौरस फुटांच्या आसपास. खोल्या ‘जो’मध्ये, म्हणजे तातामी चटईच्या मापात. जाहिरातीत एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरावा लागतो, म्हणजे सहा जोची खोली साधारण १०५ चौरस फूट. ४एलडीके म्हणजे चार खोल्या आणि शिवाय बैठक, जेवण, स्वयंपाक यांची एक मोठी सलग जागा. ३एसएलडीके मधला ‘एस’ म्हणजे पुरेसा उजेड येत नसल्यामुळे कायद्याने जिला खोली म्हणता येत नाही अशी जागा. विक्रेता तिला हसतमुखाने ‘मुलाची अभ्यासिका’ म्हणेल. सुपर बिल्ट-अप नावाचा प्रकार इथे नाही, हा मात्र मोठा दिलासा.

बिल्डरने जमीन घेऊन, घर बांधून, दोन्ही एकत्र विकायचं याला ‘तातेउरी’ म्हणतात. आपण जमीन घेऊन हवं तसं बांधून घेणं म्हणजे ‘चूमोन’. हा लेख तातेउरीपुरता. ‘शिंचिकू’, म्हणजे नवं, हा शब्दही मोजून वापरावा लागतो: बांधून वर्ष उलटलेलं नाही आणि आत कोणी राहिलेलं नाही, तरच. हे वर्ष लक्षात ठेवा, किंमत ठरवताना कामाला येईल.

जमीन: इथे घाई नको

निशीकसाई ज्या एदोगावा वॉर्डात आहे त्याने २०१९ मध्ये पुराचा नकाशा घरोघरी वाटला. मुखपृष्ठावर वॉर्डाच्या चित्रावर लिहिलं होतं: ‘इथे थांबू नका’. त्या अर्थाचं स्पष्ट जपानी वाक्य, खुद्द वॉर्ड कार्यालयाचं. वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. भाड्याने राहत होतो तोवर तो नकाशा फ्रिजवर चिकटवलेला होता आणि आम्ही त्यावर पिझ्झाची पत्रकं लावत होतो. पस्तीस वर्षांचं कर्ज घ्यायची वेळ आली तेव्हा पत्रकं काढून नकाशा वाचला.

म्हणून आम्ही निशीकसाईच्याच तोझाई रेल्वेमार्गाने पूर्वेला सरकलो, चिबा जिल्ह्यात, शिमोसा पठाराकडे. तोझाईच्या काही गाड्या पुढे तोयो मार्गावर थेट याचियोपर्यंत जातात. तिकीट महाग आहे, ते आधीच सांगते. पण बहुतेक कंपन्या पास देतात. पठारावर म्हणून सगळं उंच असंही नाही. याचियोतच शिनकावा नदीच्या बाजूला सखल भाग आहे, आणि पठाराला मध्येमध्ये जुन्या भातखाचरांच्या घळी आहेत. एकाच बसथांब्यापासून डावीकडे कोरडी जमीन आणि उजवीकडे घळ, असं आम्ही स्वतः पाहिलं.

पत्ता मिळाला की सरकारचा ‘कासानेरु हझार्ड मॅप’ उघडा. त्यात पूर, दरड, वादळी भरती, सुनामी एकावर एक बघता येतात. मग ‘कोन्जाकु मॅप’ उघडा: त्यात शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या नकाशाशेजारी दिसतो. आपलं घर तेव्हा भातखाचर होतं, तळं होतं की पाइनचं रान, ते कळतं. गावाच्या नावात सावा, नुमा, ता, इके अशी पाण्याची अक्षरं असतील तर सावध व्हा. ‘दाई’ किंवा ‘ओका’, म्हणजे उंचवटा, असेल तर लगेच खूश होऊ नका. बिल्डर सपाट खाचरालाही उंचवट्याचं नाव देतात. २०११च्या भूकंपात टोकियोशेजारच्या उरायासूच्या भराव जमिनीत माती चिखलासारखी झाली, घरं कलली, मॅनहोल वर आले. त्यातली बरीच घरं भिंतींच्या दृष्टीने धडधाकट होती.

विक्रेत्याकडे जमिनीच्या तपासणीचा अहवाल मागा. तातेउरीत तो असतोच. स्क्रूसारखी सळई वजन टाकत जमिनीत फिरवतात आणि ती किती सहज आत जाते ते मोजतात. जमीन मऊ निघाली तर सिमेंटचे खांब घालून ती पक्की केलेली असते. खांब घातले म्हणजे वाईट असं नाही. पण का घातले, किती खोल घातले, ते विचारा. उत्तर देताना विक्रेता कागद बघतो की छताकडे, तेही बघा.

रस्ता म्हणजे अर्धी जमीन

आपल्याकडच्या माणसाला इथे सगळ्यात जास्त फसायला होतं ते रस्त्यात. कायद्याने घर बांधायला किमान ४ मीटर रुंद रस्त्याला जमिनीची किमान २ मीटर बाजू लागलेली असावी लागते. रस्ता अरुंद असेल तर त्याच्या मध्यापासून २ मीटर मागे सरकावं लागतं, आणि तेवढी जमीन कागदावर तुमची असली तरी तिथे कुंपणही घालता येत नाही. समोरचा रस्ता नगरपालिकेचा की खासगी? खासगी (शिदो) असेल तर त्यात तुमचा हिस्सा आहे का? खाली पाण्याची पाइप फुटली तर खोदायला कोणाकोणाची सही लागेल?

मग येते ‘हाताझाओ-चि’, निशाणाच्या काठीसारखी जमीन: रस्त्यापासून अरुंद बोळ आणि आत चौकोनी तुकडा. स्वस्त असते, शांत असते. पण बोळ अडीच मीटरचा असेल तर त्यात मोटार लावल्यावर सायकल बाहेर काढताना रोज कोपर खरचटतं. आम्ही एका अशा बोळात मोजपट्टी धरून उभे राहिलो आणि मोटारीचं दार उघडलं, असं समजून एकेक करून बाहेर पडायचा सराव केला. विक्रेत्याने नम्रपणे पाठ फिरवली. घर रद्द झालं.

शेजारी रिकामी जागा असेल तर तिथे काय येऊ शकतं, ते भागाच्या वर्गीकरणावरून कळतं. सगळ्यात कडक वर्गात, म्हणजे पहिल्या दर्जाच्या सखल निवासी भागात, उंचीची मर्यादा १० किंवा १२ मीटर असते. त्यापेक्षा सैल वर्गात तुमच्या दक्षिणेला उद्या पाच मजली इमारत आली तरी तक्रारीला जागा नसते.

जाहिरातीतलं ‘चालत १२ मिनिटं’

एका मिनिटाला ८० मीटर, असा नियम आहे. त्यात चढ नाही, सिग्नल नाही, रेल्वे फाटक नाही, आणि कडेवर मूल तर अजिबात नाही. १२ मिनिटं म्हणजे ९६० मीटरपर्यंत. स्वतः चालून बघा, आणि निदान एकदा रात्री नऊनंतर चाला. गॅस शहरी पाइपचा की प्रोपेन सिलेंडरचा, तेही त्याच जाहिरातीत असतं. प्रोपेन बहुधा महाग पडतो, आणि आपला स्वयंपाक म्हणजे गॅस आलाच.

प्रत्यक्ष घर बघताना

आता घराकडे या. भूकंपाच्या बाबतीत नव्या घराची फार चिंता करू नका: लाकडी घरांचे नियम २००० साली कडक झाले आहेत. दर्जा १ ते ३ असतो, आणि ३ म्हणजे किमान नियमाच्या दीडपट जोर सोसेल असा. बरेच तातेउरी बिल्डर आज ३ देतात. प्रमाणपत्र मागा, ‘३च्या तोडीचं’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. उष्णतारोधाचा किमान दर्जा एप्रिल २०२५ पासून सगळ्या नव्या घरांना सक्तीचा झाला आहे.

दिशेवरून आमच्याकडे एक मजेदार प्रसंग झाला. जपानी लोक दक्षिणेला मोकळं असलेलं घर मागतात, त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आणि ईशान्येला ते ‘किमोन’ म्हणतात, भुतांचं दार. विक्रेत्याने अभिमानाने सांगितलं, की या घरात किमोनात ना दरवाजा आहे ना संडास. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी विचारलं, ईशान्य रिकामी आहे ना, मग देव तिथेच बसवा. हे मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्या गृहस्थाने वहीत लिहायला घेतलेलं पेन थांबलं. संडास तिथे नको, यावर मात्र दोन्ही शास्त्रांचं एकमत आहे, तेव्हा तडजोड सोपी गेली.

स्वयंपाकघरात कपाटांची दारं उघडझाप करत बसू नका. बाहेर जाऊन चुलीवरच्या पंख्याचं तोंड कुठे उघडतं ते बघा. घरं हद्दीपासून ५० सेंटीमीटर आत बांधतात, म्हणजे दोन भिंतींत जेमतेम मीटरभर. हिंग-लसणीची फोडणी दर संध्याकाळी शेजारच्या आजींच्या खिडकीत जाणार असेल, तर पुढची तीस वर्षं तुम्हाला त्या आजींशी काढायची आहेत. आमच्या घरात तोंड मोटारीच्या जागेकडे आहे. या एका कारणावरून आम्ही बाजूचं दक्षिणमुखी घर सोडून हे घेतलं.

वीज १०० व्होल्ट. कान्तोत, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या प्रदेशात, ५० हर्ट्झ. भारतातून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणार नाही, आणि तो जडशीळ ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कुठे मावेल याचा विचार आत्ताच करा.

किमतीत काय नाही, तेही लेखी घ्या. बऱ्याच तातेउरीत दिवे, पडद्यांच्या दांड्या, खिडक्यांच्या जाळ्या, टीव्हीची अँटेना आणि एसी नसतात. चार खोल्यांचे एसी आणि पडदे यातच काही लाख येन जातात. चिबातल्या ऑगस्टमध्ये जाळी नसलेली खिडकी म्हणजे डासांना आमंत्रण.

भाव आणि वरचा खर्च

एकच तातेउरी दहा दलालांच्या पाट्यांवर दिसतं, कारण बिल्डर ते अनेकांना विकायला देतो. दलालीची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे: किमतीच्या ३ टक्के अधिक ६ मान, त्यावर विक्रीकर. चार कोटींच्या घराला १३ लाख ८६ हजार येन. ही कमाल आहे, ठरलेली रक्कम नव्हे. काही दलाल ती कमी घेतात, आणि बिल्डर स्वतः विकत असेल तर दलाली लागतही नाही. विचारायला लाजू नका. दुसऱ्या दलालाकडे तेच घर कमी दलालीत मिळतं.

घर बांधून पूर्ण झालं आणि विकलं गेलं नाही की बिल्डरचा जीव खालीवर होतो. वर्ष उलटलं की ‘नवं’ हा शब्द जातो, आणि मार्चअखेर हिशेब बंद करायचा असतो. आठ घरांतलं शेवटचं उरलेलं घर, पूर्ण होऊन पाच-सहा महिने झालेलं: तिथे नम्रपणे, पण आकडा लिहून किंमत कमी मागा. खरेदीच्या अर्जात तुमची किंमत लिहायची सोय असते, आणि तो अर्ज म्हणजे करार नव्हे.

दलाली, नोंदणी, कर्जाचं शुल्क, विमा, मुद्रांक मिळून किमतीच्या ६ ते १० टक्के वेगळे ठेवा. भारतातून पैसे आणणार असाल तर दोन महिने आधी सुरुवात करा. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण सीएचे कागद लागतात, आणि बँकेतला माणूस दिवाळीत सुट्टीवर असतो. वडिलांनी पैसे दिले तर इकडचा भेटकर विसरू नका. वर्षाला ११० मानांपर्यंतची भेट सुटते. घरासाठी दिलेल्या पैशाला वेगळी सूट आहे, पण ती विवरणपत्र भरलं तरच. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेताना ज्याने जितके पैसे घातले तितकाच हिस्सा नोंदवा, नाहीतर उरलेली रक्कम एकाने दुसऱ्याला दिलेली भेट ठरू शकते.

करार

कराराआधी परवानाधारक ‘ताक्केनशी’ आपलं ओळखपत्र दाखवून ‘जूयो-जिको-सेत्सुमेई’, म्हणजे महत्त्वाच्या बाबींचा कागद, समजावून सांगतो. दीड-दोन तास वाचन चालतं. बहुतेक लोक मान डोलवत शिक्के मारतात. तुम्ही तो कागद चार दिवस आधी मागून घ्या, आणि जपानी वाचणारा मित्र जेवायला बोलावून त्याच्यासोबत वाचा. पुराच्या नकाशावर घर कुठे आहे, हे त्यात दाखवणं ऑगस्ट २०२० पासून बंधनकारक आहे. शिदोचा हिस्सा, मागे सरकायची जमीन, शेजाऱ्याच्या जमिनीखालून जाणाऱ्या पाइपा, सगळं त्यातच असतं.

विसाराची रक्कम (तेत्सुके-किन) साधारण ५ ते १० टक्के. मागे फिरलात तर ती जाते; विकणारा फिरला तर दुप्पट देतो. म्हणून करारातली सगळ्यात मौल्यवान ओळ म्हणजे ‘लोन तोकुयाकु’: अमुक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर करार रद्द, विसार परत. ती तारीख आणि बँकेचं नाव कागदावर आहे ना, हे बोट ठेवून बघा. अंतिम मंजुरी करारानंतर मिळते, तेव्हा ही ओळ म्हणजे तुमचं विमाकवच.

किल्लीआधीची तपासणी

ताब्याआधी एकदा घर दाखवतात. अर्धा तास पुरेसा आहे असं सांगतील. तुम्ही अडीच तास मागा, आणि जमलं तर स्वतंत्र तपासनीस न्या. त्याचे पाच-दहा मान खर्चाला महाग वाटतात, चार कोटींना नाही. आमच्या तपासनिसाने फरशीखालची झडप उघडली, बॅटरी लावून कोपरांवर सरपटत आत गेला आणि दहा मिनिटांनी लाकडाचे तुकडे आणि कॉफीचा रिकामा डबा घेऊन बाहेर आला. ते हसण्यावारी गेलं. पण माळ्यावर एका कोपऱ्यात इन्सुलेशनचा पट्टाच घातलेला नव्हता. तो बिल्डरने आठवड्यात बसवून दिला, कारण तोवर पैसे पोचलेले नव्हते.

स्वतः करायची कामं: प्रत्येक दार-खिडकी उघडा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, जमिनीच्या चारही कोपऱ्यांवर हद्दीच्या खुणा (बाण कोरलेल्या धातूच्या पट्ट्या किंवा काँक्रीटचे खुंट) शोधून फोटो काढा. बांधकाम पूर्ण झाल्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र, ‘केन्सा-झुमिशो’, घेतल्याशिवाय हलू नका. ढाचा आणि पाण्याची गळती यांची १० वर्षांची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर आहे, आणि तो बुडाला तरी भरपाई व्हावी म्हणून २००९ पासून त्याला विमा किंवा ठेव ठेवावी लागते. बाकी वस्तूंची हमी वेगवेगळी, बहुधा एक-दोन वर्षांची.

आगीचा विमा जास्तीत जास्त ५ वर्षांचा मिळतो. भूकंपामुळे लागलेली आग त्यात येत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. त्यासाठी भूकंप विमा वेगळा, आणि तोही आगीच्या विम्याच्या ३० ते ५० टक्के रकमेचाच.

किल्ली, आणि त्यानंतर

ताब्याचा दिवस बँकेच्या छोट्या खोलीत पार पडतो. नोंदणीचं काम करणारा शिहो-शोशी कागद तपासतो, पैसे सरकतात, सगळे एकमेकांना वाकतात, आणि किल्ल्यांचं पाकीट मिळतं. तुमची किल्ली कुलपात पहिल्यांदा फिरली की बांधकामवाल्यांकडची किल्ली कायमची निकामी होते. ती पहिली किल्ली मुलीला फिरवू दिली. दुसऱ्या प्रयत्नात फिरली.

पहिल्या आठवड्यात समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची दोन घरं, अशा पाच दारी छोटी भेट घेऊन जा. टॉवेल, भांड्यांचा साबण किंवा बिस्किटं, हजार येनच्या आतलं काहीही. याला इथे ‘मुकोसान्गेन-र्योदोनारी’ म्हणतात. कचऱ्याचे वार तेव्हाच कळतात, आणि शेजार समितीत (जिचिकाई) नाव घालायचं का, तेही विचारलं जातं. घाला. कचऱ्याची जाळी सांभाळायची पाळी येते, पण मुलांना नावाने हाक मारणारी माणसंही तिथेच भेटतात.

कर्जावरची करसवलत वर्षअखेरच्या शिलकीच्या ०.७ टक्के, नव्या घराला १३ वर्षं. मर्यादा घराच्या दर्जावर ठरते. पहिल्या वर्षी विवरणपत्र स्वतः भरावं लागतं, पुढे कंपनी बघते. मालमत्ताकर दरवर्षी, लाकडी नव्या घराला पहिली तीन वर्षं इमारतीचा कर निम्मा, चौथ्या वर्षी बिल अचानक फुगतं. आणि घर लागल्यावर काही महिन्यांनी जिल्ह्याकडून एक पाकीट येतं: घर मिळवल्याचा एकदाचा कर. इमारतीच्या मूल्यातून १,२०० मान वजा होतात म्हणून बऱ्याचदा थोडाच किंवा शून्य भरावा लागतो, पण सवलतीचा अर्ज मागितला असेल तर तो भरा.

राहता राहिली वास्तुशांत. नव्या घरात धुराचे अलार्म कायद्याने बसवलेलेच असतात, आणि ते नुसते वाजत नाहीत, बोलतात. होमातली तिसरी आहुती पडली आणि छतातून बाईच्या आवाजात ‘काजी देसु, काजी देसु’ सुरू झालं: आग लागली आहे, आग लागली आहे. गुरुजी व्हिडिओवर होते, त्यांना वाटलं शेजारी ओरडतायत. तेवढ्यात शेजारचे आजोबा खरंच दारात उभे, हातात लाल अग्निशामक. तेव्हा होम छोट्या ताम्हनात करा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि बिस्किटं द्यायला जाल तेव्हाच तारीख सांगून ठेवा.